हजेरीपटावरची मुलं

‘इंटिग्रेटेड’ हा शब्द ज्याने अकरावी-बारावीला पहिल्यांदा चिकटवला, त्याला मार्केटिंगचं मोठं बक्षीस द्यायला हवं. ऐकायला किती छान वाटतो! जणू विज्ञान आणि जीवन, पुस्तक आणि प्रयोगशाळा, असं काहीतरी एकत्र आणलंय. प्रत्यक्षात एकत्र आलेल्या गोष्टी दोनच आहेत. एकाची मान्यता आणि दुसऱ्याची फी. मान्यता ज्युनिअर कॉलेजची, फी क्लासची. मधल्या मुलाचं कोणी नाव घेत नाही, कारण त्याचं नाव फक्त हजेरीपटावर असतं.

तुमच्यापैकी अनेकांनी ही दोन वर्षं काढलेली आहेत, काही जण आत्ता काढत असतील. टेस्ट आणि डीपीपीच्या मधल्या वीस मिनिटांत हे वाचत असाल तर आधीच सांगतो, हा लेख तुम्हाला मोटिव्हेट करणार नाही. तुम्हाला मोटिव्हेशन कमी पडतंय असं मला अजिबात वाटत नाही. तुम्हाला कॉलेज कमी पडतंय. म्हणजे ते तुम्हाला दिलंच गेलेलं नाही आणि त्याचे पैसे मात्र घेतले गेलेत.

पद्धत तुम्हाला माहीत आहे, पण एकदा सरळ लिहून काढू. दहावीचा निकाल लागायच्या आधीच क्लासचे फोन सुरू होतात. स्कॉलरशिप टेस्ट असते, तिच्यात जवळपास सगळ्यांनाच कसली तरी सूट मिळते. मग आईवडील ऑफिसात येतात. तिथे काचेच्या टेबलामागे एक ताई बसलेली असते. तिला क्लासवाले ‘काउन्सेलर’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वडील विचारतात, “मॅडम, पण कॉलेजचं काय?” ताई म्हणते, “त्याचं टेन्शन घेऊ नका काका, ते आमच्याकडे लागलं.” अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालाय, तर पसंतीक्रमात पहिलं कोणतं कॉलेज भरायचं तेही तिथेच कळतं. बऱ्याचदा ते कॉलेज वडिलांनी पाहिलेलंही नसतं. पावत्या दोन होतात, एक छोटी आणि एक मोठी. आणि मुलगा दोन वर्षांसाठी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जातो, जिला मैदान नाही, प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही. लिफ्टशेजारी गेल्या वर्षीच्या टॉपर्सचा फ्लेक्स तेवढा आहे.

सरकारला हे माहीत नाही असं कोणी म्हणू नये. जून २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि औरंगाबाद या विभागांतल्या ज्युनिअर कॉलेजांच्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. कारण उघड होतं, मुलं कॉलेजात नसतात. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ‘डमी स्कूल’ हा शब्द स्पष्ट आहे. शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास घेऊ नका, म्हणजे हजेरी बुडणार नाही, असं त्यात लिहिलंय. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नका, आठवड्याची सुट्टी द्या, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नका, गुणांवरून बॅच वेगळ्या पाडू नका. वाचताना हसू आलं ना? रविवारी टेस्ट नसलेला क्लास तुम्ही शेवटचा कधी पाहिला होता? तर माहितीचा इथे काही तुटवडा नाही. कागदावर सगळं आहे. मुलंही कागदावर आहेत.

मी एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला मराठी शिकवतो. आमच्या वर्गात मुलं येतात. याचं श्रेय आम्हा शिक्षकांना देऊ नका. गावात मोठ्या क्लासची शाखा अजून उघडलेली नाही, एवढंच. तरीही दर वर्षी आमची दहावीतली चांगली मुलं जिल्ह्याच्या ठिकाणी ‘इंटिग्रेटेड’ला जातात आणि दिवाळीत भेटली की मी त्यांना एकच प्रश्न विचारतो, “कॉलेजात तुझे सर कोण?” उत्तर बहुतेकदा येत नाही. क्लासच्या सरांची नावं येतात, तीही आद्याक्षरांनी. एके सर, व्हीके सर, एनएस सर. तीनशे मुलांच्या हॉलमध्ये कॉलर माइक लावून शिकवणारा माणूस आद्याक्षरांनीच लक्षात राहणार. आणि त्याला तर तुमची आद्याक्षरंही माहीत नसतात, रोल नंबर असतो.

नुकसान काय झालं ते नीट पाहायचं असेल तर फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला कोणत्याही डमी कॉलेजच्या व्हरांड्यात उभं राहावं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिक. दोन वर्षांत पहिल्यांदा प्रयोगशाळा पाहणारी मुलं त्या दिवशी एकाच वेळी आत शिरतात. ब्युरेट कोणती आणि पिपेट कोणतं हे लॅब असिस्टंट दादांना विचारतात. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन त्यांना अचूक माहीत असतं, समीकरण, मोल, एन फॅक्टर सगळं. पण तो गुलाबी रंग एका थेंबात कसा येतो आणि मान वळवली तर कसा हातातून निसटतो, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन त्यांना चार पर्यायांतून ओळखता येतं, मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. जर्नल पूर्ण असतं, सहीशिक्क्यासकट. ते कोणी लिहिलं हे विचारायचं नसतं. आणि मग तीसपैकी अठ्ठावीस, एकोणतीस. ज्या मुलांना आपण देशाचे भावी डॉक्टर आणि इंजिनिअर म्हणतो, त्यांची विज्ञानाशी पहिली भेट ही अशी, एका सामूहिक लबाडीत होते. त्यांच्यासमोर, त्यांच्या शिक्षकांच्या हातून.

आणखी एक गंमत. बारावीला ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय सक्तीचा आहे आणि त्याला श्रेणी मिळते. दोन वर्षं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत खुर्चीत बसलेल्या, पाठ आखडलेल्या, चष्म्याचा नंबर वाढलेल्या मुलालाही ती उत्तम मिळते. भाषेचं तर बोलूच नये. विज्ञान शाखेत दुसऱ्या भाषेऐवजी इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी घेण्याची सोय आहे आणि क्लासच्या दृष्टीने तेच सोयीचं असतं. म्हणजे सोळाव्या वर्षी, जेव्हा माणसाला आपल्या डोक्यात चाललेल्या गोंधळासाठी शब्द हवे असतात, तेव्हा आपण त्याच्याकडून शब्दच काढून घेतो. हे मी माझा विषय म्हणून रडत नाहीये. पुढे जे सांगायचंय त्याच्याशी याचा थेट संबंध आहे.

एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. हे सगळे नीट-जेईईवाले नव्हते, सगळ्यांची कारणं अभ्यासाची नव्हती, आणि आत्महत्येला एकच कारण असतं असं समजणं हाच एक अडाणीपणा आहे. पण कोटासारख्या शहरात जेव्हा एकामागून एक मुलं गेली, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने काय केलं? हॉस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश दिला. दोन महिने टेस्ट बंद ठेवायलाही सांगितलं, ते बातम्यांत कमी आलं. मी स्प्रिंगची थट्टा करणार नाही. त्या एका क्षणात हाताशी साधन नसण्याने जीव वाचतो, हे खरं आहे. प्रश्न असा आहे की ज्या व्यवस्थेला छताची दुरुस्ती सुचते, तिला वेळापत्रकाची दुरुस्ती का सुचत नाही?

विशाखापट्टणममधल्या एका सतरा वर्षांच्या नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी पंधरा निर्देश दिले. शाळा, कॉलेज, कोचिंग, हॉस्टेल, सगळ्यांना लागू. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमा. गुणांवरून बॅच पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्या. हेल्पलाइनचे नंबर दिसतील असे लावा. चांगले निर्देश आहेत. आता त्यांचं काय होतं ते बघा. हेल्पलाइनचं पोस्टर लागतं, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे. वर्षातून एकदा हॉलमध्ये कोणीतरी मोटिव्हेशनल स्पीकर येतो, ‘हार मानू नका’ म्हणून दीड तास ओरडतो आणि त्याचा फोटो इन्स्टावर जातो. आणि समुपदेशकाचं म्हणाल तर क्लास म्हणतो, आमच्याकडे काउन्सेलर आहेतच की. तीच ती काचेच्या टेबलामागची ताई. शब्द लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी.

त्या ताईला मी दोष देत नाही. ती बीकॉम करून पोटासाठी बसलेली असते आणि तिलाही टार्गेट असतं. पण समजा क्लासने उद्या खरोखर प्रशिक्षित समुपदेशक नेमला. त्याच्यासमोर एक मुलगी येऊन बसली. सहा महिने झोप नाही, फिजिक्स डोक्यावरून जातंय, चित्रकला आवडते, घरी सांगायची भीती वाटते. प्रामाणिक समुपदेशक तिला काय सांगेल? कदाचित असंच की बाळा, हे थांबवू या, वडिलांशी मी बोलतो. म्हणजे एक प्रवेश रद्द. केंद्राच्या सूचनांनुसार उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची असते. आता सांगा, ज्याचा पगार त्या फीतून निघतो त्याच्याकडून हा सल्ला किती वेळा येईल? तो तिला झोपेचं वेळापत्रक लिहून देईल, प्राणायाम सांगेल आणि परत बॅचमध्ये पाठवेल. हा त्या माणसाच्या चांगुलपणाचा प्रश्नच नाही. जिथे मुलाने टिकून राहण्यात पैसा आहे, तिथे ‘सोडून दे’ म्हणू शकणारा माणूस पगारावर ठेवता येत नाही.

आणि म्हणून कॉलेज हवं असतं. कॉलेजातल्या माणसाला तुमच्या रँकशी देणंघेणं नसतं. तुम्ही मेडिकलला गेलात तर त्याला आनंद होतो, बीएस्सी ॲग्रीला गेलात तरी त्याचा पगार तोच राहतो. हा अलिप्तपणा फार मोलाचा आहे. आधार म्हणजे वेगळी खोली, वेगळं दार आणि त्यावर पाटी असं आपण समजून बसलोय. प्रत्यक्षात आधाराची सुरुवात कोणीतरी लक्षात ठेवण्यातून होते. हा मुलगा गेले पंधरा दिवस शेवटच्या बाकावर का बसतोय? ही बोलकी पोरगी गप्प का झाली? हे चाळीस-साठ मुलांच्या वर्गात, प्रॅक्टिकलच्या वीस जणांच्या बॅचमध्ये, मैदानावर, कँटीनमध्ये दिसतं. तीनशेच्या हॉलमध्ये दिसत नाही. इंटिग्रेटेडच्या मुलांबद्दल सगळ्यात आधी कोणाला कळतं, माहितीये? मेसवाल्या काकूंना. ताटात अन्न तसंच राहतंय, दोन दिवस डबा खाली आलाच नाही, हे त्यांना दिसतं. पण काकूंनी कोणाला सांगायचं? हॉस्टेलच्या रेक्टरला? तो क्लासच्या मालकाचा भाचा. कॉलेजला? मुलगा कोणत्या कॉलेजचा आहे हे काकूंनाच काय, कित्येकदा त्याच्या रूम पार्टनरलाही माहीत नसतं.

मुलींचं अजून वेगळं. अनेक घरांत दूरच्या शहरात पाठवायचं की नाही यावरच महिनाभर चर्चा चालते, आणि पाठवलं की ती दोन वर्षं एका अटीवर असतात. सिलेक्शन झालं तर ठीक, नाहीतर परत ये, स्थळं बघू. संध्याकाळी सातला गेट बंद, फोन जमा, घरी बोलायला दहा मिनिटं. अशा मुलीला टेस्टमध्ये कमी पडले तर तिच्या डोळ्यांसमोर रँक नसते, गावाकडची एसटी असते.

आता दुसरी बाजू. ती मला दरवर्षी पालक ऐकवतात आणि त्यात तथ्य आहे. “सर, तुमच्या कॉलेजात शिकवतात काय?” हा प्रश्न कडवट असला तरी खोटा नाही. जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, वर्षानुवर्षं विनाअनुदानित तत्त्वावर राबणारे प्राध्यापक, ज्यांचा पगार ऐकला तर तुम्हाला लाज वाटेल. शिवाय बोर्डाचे गुण प्रवेशासाठी जवळपास निरुपयोगी करून ठेवलेत. नीटला खुल्या गटात बारावीला तीन विषयांत ५० टक्के पडले की पुरे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या रँकमध्ये बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होतं, २०१७ पासून तेही काढून टाकलं. बोर्डाबोर्डांची तुलना करणं अवघड होतं, हे मान्य. पण ते वजन काढताना कॉलेजच्या वर्गात बसण्याचं शेवटचं व्यावहारिक कारणही काढलं जातंय, याचा विचार कोणी केला का? पालक मूर्ख नाहीत. परीक्षा जिथे आहे तिथे ते मुलाला नेऊन बसवतात. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून अधिक मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या जवळपास निम्म्या सरकारी, म्हणजे परवडण्यासारख्या. हे गणित समोर असताना “मुलाला थोडं मैदानावर जाऊ द्या” म्हणणारा माझ्यासारखा मास्तर त्यांना येडा वाटतो. वाटू दे.

पण याच मुद्द्यावर लोक लातूरचं नाव घेतात, तेव्हा मला थांबवावं लागतं. ‘लातूर पॅटर्न’मुळेच गरिबांची पोरं डॉक्टर झाली ना? झाली. मराठवाड्यासारख्या भागातून, पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडून झाली आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण तो पॅटर्न काय होता? एकेकाळी मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. तेव्हा तिथल्या कॉलेजांनी आपल्याच वर्गांत, आपल्याच प्राध्यापकांकडून जादा तास घेतले, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेतल्या, पेपर तपासून चुका दाखवल्या. कॉलेजने कॉलेजचं काम दुप्पट केलं, हा तो पॅटर्न. आज त्याच नावाने जे विकलं जातंय त्यात कॉलेजने आपलं काम सोडून दिलंय आणि जागा भाड्याने दिलीय. एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा करू नका. लातूरच्या ट्यूशन एरियात आज जी मुलं कॉट बेसिसवर राहतात, त्यांचे आईबाप कांदा विकून, उचल घेऊन, कधी जमीन गहाण ठेवून पैसे भरतात. गरिबांच्या पोरांचा पॅटर्न एवढा महाग कधी झाला, हेही कोणीतरी विचारायला हवं.

सरकारही या खेळात पंच नाही, खेळाडू आहे. महाज्योतीसारखी सरकारी संस्था ओबीसी मुलांना नीट-जेईईसाठी मोफत ऑनलाइन कोचिंग देते, टॅब देते, रोजचा सहा जीबी डेटा देते. ज्याला परवडत नाही त्याला हे मिळतंय, चांगलंच आहे, माझ्या दोन विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग झालाय. पण बघा हं, त्याच मुलाच्या कॉलेजात फिजिक्सचं पद रिकामं आहे. म्हणजे सरकार एका हाताने कॉलेज ओस पाडतं आणि दुसऱ्या हाताने त्याची भरपाई म्हणून स्क्रीन देतं. टॅबला विचारून बघा, “सर, मला जमेल का हो?”

मग कॉलेजं हे का चालू देतात? संस्थाचालकाचा वाटा असतो, हे उघड गुपित आहे. पण त्याखाली एक कमी बोललं जाणारं कारण आहे. अनुदानित कॉलेजात शिक्षकांची पदं पटावर ठरतात. संचमान्यतेत मुलं कमी दिसली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि कुठेतरी दुसऱ्या टोकाला समायोजनाची वाट बघत बसतो. आसपासची सगळी मुलं क्लासकडे वळली असताना पट टिकवायचा कसा? क्लासशी टाय-अप करून. क्लास नावं पुरवतो, नावांवर तुकडी टिकते, तुकडीवर नोकरी. वर्गात मुलं नसली तरी चालतील, हजेरीपटावर असायला हवीत. म्हणजे ज्या प्राध्यापकाने उभं राहून हे थांबवायचं, त्याच्याच घराचा हप्ता त्या खोट्या नावांवर चाललेला असतो. बायोमेट्रिकचं यंत्र या साखळीत काय करणार? अंगठा कुठून आणायचा एवढंच ते ठरवतं.

असं काही वेगळं असू शकतं का, याचं उत्तर शोधायला फिनलंडला जायची गरज नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाबरोबर उभी राहिलेली जवाहर नवोदय विद्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. बारावीपर्यंत निवासी, बहुतेक मुलं खेड्यातली. तिथली मुलं नीट-जेईईला मोठ्या संख्येने निघतात. पण त्यांना विचारा, तुझं हाउस कोणतं? अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी, पटकन उत्तर येईल. हाउस मास्टर कोण, तेही येईल. संध्याकाळी मैदान आहे, रात्री देखरेखीखाली अभ्यास आहे. नवोदय स्वर्ग नाही. तिथेही मुलं खचली आहेत, आत्महत्या झाल्या आहेत, शिक्षकांवरच वॉर्डनचं ओझं टाकण्याची तक्रार तिथूनही आलीय आणि प्रशिक्षित समुपदेशकांची मागणीही. पण तिथे निदान चूक कोणाची हे विचारायला एक पत्ता आहे. इंटिग्रेटेडमध्ये मूल हरवलं तर कॉलेज म्हणतं तो क्लासला होता, क्लास म्हणतो तो हॉस्टेलला होता, हॉस्टेल म्हणतं आम्ही फक्त खोली भाड्याने देतो. सोळा वर्षांच्या मुलाची जबाबदारी तीन पावत्यांमध्ये वाटून टाकली की ती कोणावरच उरत नाही.

म्हणून मागणी करायची तर ती आणखी एका हेल्पलाइनची नको. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गरज वाटली तर आत्ता लावा, लाजू नका. पण कॉलेजकडे मागायचं ते वेगळं आहे. प्रवेश दिलेल्या प्रत्येक मुलासाठी एका नावानिशी शिक्षकाची जबाबदारी, वीस-पंचवीस मुलांमागे एक, आणि ते नाव पालकांकडे लेखी. समुपदेशक असेल तर त्याचा पगार क्लासकडून नाही, कॉलेजकडूनही नाही, शिक्षण विभागाकडून, म्हणजे तो ‘सोडून दे’ म्हणायला मोकळा राहील. क्लासची वेळ कॉलेज सुटल्यानंतरची, नियमाने आहे तशी. राजस्थानने २०२५ मध्ये कोचिंगसाठी कायदा केला. तो बराच पातळ झाला असं म्हणणारे आहेत, पण केला. आपल्याकडे २०१८ मध्ये खासगी क्लासेसच्या कायद्याचा मसुदा तयार झाला होता, तेव्हा अकरावीत असलेली मुलं आता नोकरीला लागली. आणि पदांचा हिशोब नुसत्या पटावर करणं बंद करा. लहान तुकडी टिकली म्हणून शिक्षकाला शिक्षा होणार नसेल, तर त्याला खोट्या नावांची गरज उरणार नाही. यातली शेवटची मागणी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. कारण बाकीच्या सगळ्या गोष्टी करायला वर्गात एक न घाबरलेला शिक्षक लागतो.

पालकांनाही एक गोष्ट करता येईल, अगदी या जूनमध्ये. क्लासच्या ऑफिसात दुसरी पावती फाडण्याआधी पहिल्या पावतीवरच्या कॉलेजात जाऊन या. कामाच्या दिवशी, अकरा वाजता. केमिस्ट्रीची लॅब उघडायला सांगा. बेसिनला पाणी येतं का बघा, ब्युरेटवर धूळ किती आहे ते बघा, अकरावीच्या वर्गात आत्ता किती मुलं बसलीयेत ती मोजा. ग्रंथालयात शेवटचं पुस्तक कोणत्या तारखेला दिलं गेलं ते रजिस्टर मागा. शिपाईमामा नाही म्हणाले तर प्राचार्यांना भेटा आणि त्यांना विचारा की माझ्या मुलाचा वर्गशिक्षक कोण असेल, त्यांचा नंबर द्या. नंबर मिळाला तर तो आईच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.